जीपचा गिअरबॉक्स भट्टीत घालण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. त्या मोडीतच काढायच्या, असा केंद्राचा नियम आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या गेल्याचं कुणाला वाईट वाटू नये. पण या नियमाचा एक परिणाम बातम्यांत येत नाही. पाटबंधारे, वनखातं, पंचायत समित्या यांच्या जुन्या जीप पूर्वी लिलावात निघायच्या आणि त्यांतल्या बऱ्याच जीप लोक पार्टसाठी घ्यायचे, चालवायला नव्हे. एका जीपच्या पेटीवर, म्हणजे गिअरबॉक्सवर, दुसऱ्या दोन उभ्या राहायच्या. ती वाट आता बुजत चालली आहे. इकडे रीतसर पुनर्नोंदणी झालेली, इंजिन ठणठणीत असलेली महिंद्राची एमएम ५४० जीप एका पितळी रिंगेपायी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली बसते. वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) कमांडर-मार्शलची, आंब्याच्या पेट्या खाली आणणाऱ्या जीपची, घाटावरच्या वाड्यावस्त्यांवर दुसरं काहीच चढत नाही तिथल्या गाड्यांची हीच गत आहे.

गॅरेजात यावर एकच वाक्य ऐकायला मिळतं: "पार्ट येत नाही." ते निम्मंच खरं आहे. पार्ट नावाने मागितला की येत नाही. नंबराने आणि मापाने मागितला की पुष्कळदा येतो. खरोखर दुर्मीळ झालेले भाग बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांचं काय करायचं ते लिहितो, म्हणजे मोडीत जाणाऱ्या जीपच्या पेट्या वितळवण्याआधी उतरवून विकाव्यात, हे आमचं मुख्य मागणं का आहे ते कळेल.

पहिलं काम, पेटी कोणती ते ठरवणं. आरसी बुकावरच्या मॉडेल आणि सालावर विसंबू नये. आरसीवर चासी आणि इंजिन यांचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. तीस-चाळीस वर्षांत पेटी किती वेळा बदलली याची नोंद त्यामुळे कुठेच सापडत नाही. आपल्याकडे प्रामुख्याने तीन घराणी भेटतात. सर्वांत जुनी टी-९०. ही विलिसच्या काळापासूनची, सीजे ३बी मधली, तीन पुढचे गिअर. रिव्हर्स डावीकडे वर आणि पहिला त्याच्याखाली. दुसरी केएमटी-९०, चार गिअरची, एमएम ५४० वर प्यूजोच्या २११२ सीसी एक्सडीपी डिझेल इंजिनाला जोडलेली. तिसरी पाच गिअरची एनजीटी ५२०, नंतरच्या २५२३ सीसी डीआय इंजिनामागची. दोन्ही नावांत '९०' आहे म्हणून टी-९० चा माल केएमटीला बसेल असं सांगणारे काउंटरवर भेटतात. बसत नाही. पेटीवरचा माती-तेलाचा थर डिझेल आणि तारेच्या ब्रशने काढला की ओतीव अक्षरं आणि आकडे दिसतात. त्यांचा फोटो काढून ठेवावा आणि खरेदी त्याच्यावरून करावी.

दुसरं, पेटी उतरवण्याआधी आवाज ऐकावा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर क्लच शाफ्टचं (क्लचकडून पेटीत ताकद आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग किंवा खालचा क्लस्टर, म्हणजे काउंटर शाफ्टवरचा एकसंध गिअर, दोषी. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर पेटीला हात लावू नये; ते रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधला पायलट बुश असतो. टी-९० मध्ये तिसरा गिअर थेट, म्हणजे एकास एक. तो शांत आणि पहिला-दुसरा कण्हत असतील तर संशय क्लस्टरवर घ्यावा. ट्रान्स्फर केसचं, म्हणजे पेटीतून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचं, गणित वेगळं आहे. जुन्या जीपमधल्या स्पायसर १८ जातीच्या केसमध्ये हाय असो की लो, ताकद मधल्या इंटरमीडिएट गिअरमधूनच जाते. त्यामुळे ती कुठल्याही गिअरात, डांबरी रस्त्यावरसुद्धा गुणगुणते. हा आवाज पेटीचा समजून चांगली पेटी उघडली जाते, हे नेहमीचंच.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर सुटून न्यूट्रलला येतो, ही टी-९० ची जगजाहीर तक्रार. मिस्त्री लगेच सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंग, मागतो. खरं तर गिअर धरून ठेवणं हे रिंगेचं काम नाही. गिअर सुटतो तो सहा ठिकाणांमुळे: फोर्कचे (गिअर सरकवणाऱ्या काट्याचे) गाल झिजलेले, सिलेक्टर रॉडच्या खाचेत बसणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग मऊ झालेली, स्लीव्हच्या (गिअर शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या) आतल्या दातांची टोकं गोल झालेली, मेन शाफ्टला पुढे-मागे खेळ आलेला, पायलट बुश सैल, किंवा बेल हाउसिंगचे (इंजिन आणि पेटी जोडणाऱ्या घराचे) बोल्ट ढिले होऊन पेटी इंजिनाच्या रेषेतून हललेली. यांतली स्प्रिंग कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. तिच्यापासून सुरुवात करावी आणि बेल हाउसिंगचे बोल्ट तपासून मगच पेटी खाली घ्यावी. डिझेलला आणखी एक कारण जोडावं लागतं. टी-९० मुळात पेट्रोल इंजिनासाठी बेतलेली. डिझेलचे ठोके आयडलिंगला क्लच प्लेटच्या स्प्रिंगांनी पचवायचे असतात. त्या स्प्रिंगा सैल असतील तर प्रत्येक ठोका क्लच शाफ्टच्या खाचांवर बसतो. नवा शाफ्ट घालून जुनी प्लेट ठेवली तर तो शाफ्टही त्याच वाटेने जातो.

आता सहज मिळणाऱ्या मालाकडे. पेटीतली सगळी गोळी बेअरिंगं बाजारात आहेत, फक्त ती 'जीपचं बेअरिंग' म्हणून मागू नयेत. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर हाच त्याचा पत्ता. ६३०७ म्हणजे आतला व्यास ३५ मिमी (शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणावं), बाहेरचा ८०, जाडी २१. ६२०७ म्हणजे ३५, ७२, १७. नंबरापुढे एनआर असेल तर बाहेरच्या कड्यावर खाच आणि तिच्यात सर्कलिप असते. ही सर्कलिपच बेअरिंगला पेटीत जागेवर धरते, म्हणून साधं बेअरिंग घालून "चालतंय" म्हणू नये. नंबर पुसला असेल तर व्हर्निअरने तीन मापं घेतली की पुरे. कुठलाही बरा बेअरिंगवाला त्यावरून नंबर सांगतो.

फसगत होते ती इंचातल्या मालात. विलिसचं सगळं घराणं इंचात मोजलेलं. स्पायसर १८ च्या आउटपुट शाफ्टवरचं टेपर बेअरिंग, कोन (आतला भाग) १४१२५ए आणि कप (बाहेरचं कडं) १४२७६, आतून ३१.७५ मिमी म्हणजे बरोबर सव्वा इंच, बाहेरून ६९.०१२. हा नंबर न सांगता "बत्तीसचं द्या" म्हटलं की बत्तीसचं मिळतं, शाफ्टवर पाव मिमी सैल बसतं, आणि मग लेथवाल्याकडून शाफ्टवर खरखरीत खाचा पाडून (नर्लिंग) किंवा वेल्डिंगचे टिपके देऊन ते घट्ट केलं जातं. हजारभर किलोमीटरनंतर काय होतं ते सांगायला नको. याच केसच्या इंटरमीडिएट शाफ्टचे वेगवेगळ्या काळांत तीन व्यास झाले: पाऊण इंच, सव्वा इंच आणि त्यांच्या मधला एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. बाहेरून केस जुळीच दिसते. शाफ्ट मोजल्याशिवाय सुया, वायसर किंवा गिअर घेतला तर तो परत करायला जावंच लागेल.

सुया म्हणजे नीडल रोलर, बेअरिंगचं काम करणारे बारीक दांडके. सुट्या असतात आणि पेटी उघडल्यावर ट्रेमध्ये सांडतात. मोजून ठेवाव्यात. एक जरी कमी भरली तरी उरलेल्या तिरक्या होऊन शाफ्टला चरे पाडतात. बदलायच्या तर ओळीतल्या सगळ्या एकदम. जुन्यांत नव्या मिसळल्या तर सगळा भार नव्यांवर येतो. ऑइल सील तीन आकड्यांनी मागावं: शाफ्ट, घर, जाडी. शाफ्टवर जुन्या सीलने घळ पाडली असेल तर नवं सील दोन-तीन मिमी आत किंवा बाहेर बसवून ताज्या पृष्ठभागावर आणावं. तेवढ्याने गळती थांबते, शाफ्ट बदलावा लागत नाही. पेटीतलं तेल कमी आणि ट्रान्स्फरमधलं जास्त होत असेल तर पाणी शिरलं असं समजू नये. दोघांच्या मधलं सील गेलेलं असतं आणि तेल पेटीतून मागे सरकतं. ट्रान्स्फर काठोकाठ भरलेली पाहून मालक निश्चिंत राहतो, इकडे पेटी कोरडी चालते. जळालेले क्लस्टर आमच्या टेबलावर येतात त्यांतल्या पुष्कळांचं मूळ हेच.

खऱ्या टंचाईत आता एवढाच माल उरतो: सिंक्रो रिंगा, क्लस्टर, क्लच शाफ्ट, स्लीव्ह-हबचा जोड, फोर्क आणि ट्रान्स्फरचा इंटरमीडिएट गिअर. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, हे पत्ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात ती तालुक्याच्या गावातली स्पेअर पार्टची जुनी दुकानं. मालक म्हातारा झालेला, वरच्या फळीवर ग्रीस-कागदात गुंडाळलेला माल, खोक्यावरची शाई उडालेली. तिथे "अमुक गाडीचं आहे का" विचारलं तर उत्तर नाही असंच येतं, कारण त्यालाही आठवत नसतं. मापं लिहिलेला कागद आणि नमुना पुढे केला तर तो स्टूल घेऊन वर चढतो. लष्कराच्या आणि महामंडळांच्या मोडीचे लॉट एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात येतात, पण एकट्या मिस्त्रीला तो लॉट झेपत नाही; चार-पाच गॅरेजांनी मिळून घ्यावा.

चौकशीसाठी फोटो पाठवताना पार्टशेजारी पट्टी ठेवावी आणि खाली लिहावं: प्रत्येक गिअरचे दाते किती, दाते सरळ की तिरके, तिरके असतील तर कुठल्या हाताचे, बाहेरचा व्यास, रुंदी, भोक, आणि आतल्या खाचा (स्प्लाइन) किती. टी-९० च्या क्लच शाफ्टला १० खाचा आणि एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा व्यास असतो, एवढं जरी सांगितलं तरी समोरच्याचे दहा प्रश्न वाचतात. तिरक्या दातांचा हात ओळखायचा तर गिअर टेबलावर आडवा ठेवून दाते समोरून बघावेत. दाते उजवीकडे झुकत वर गेले तर उजवा. जोडीतला दुसरा नेहमी उलट्या हाताचा.

जुना गिअर मिळाला तर तो खिडकीपाशी नेऊन बघावा. दाताच्या पोटावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसत असतील तर वरचा कडक थर सुटू लागला आहे. तो कितीही चकचकीत असो, घेऊ नये. निळसर-तपकिरी झाक म्हणजे तेलाविना तापलेला. टोकं तुटलेला पहिल्या-रिव्हर्सचा सरकता गिअर मात्र लगेच टाकू नये. चालत्या गाडीत पहिला घुसवल्यामुळे टोकं उडतात, पण दाताची पाऊण रुंदी शाबूत असेल तर टोकांना बारीक ग्राइंडरने पुन्हा उतार देऊन तो वर्षानुवर्षं चालतो. दात वेल्डिंगने भरून घासून घेण्याचा उद्योग मात्र करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दाताचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पुढच्या वेळी दोन तुटतात. शक्य असेल तेव्हा सुटा गिअर न घेता त्याची जोडी घ्यावी, आणि पैसे पुरत असतील तर सबंध पेटी. झिजलेल्या गिअरवर न झिजलेला घातला की दोघं एकमेकांना खातात. सबंध इंजिन-पेटीचा सेट विकायला आला तर मोहात पडण्याआधी इंजिनाचे कागद मागावेत. पेटी बदलल्याची नोंद लागत नाही, इंजिन बदलल्याची आरटीओत करावीच लागते.

सिंक्रो रिंगेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बनावट माल सर्वांत जास्त हिच्यात आहे. रिंग चांगली की संपलेली हे ठरवायला गिअरचा शंकू पेट्रोलने पुसून कोरडा करावा, रिंग हाताने घट्ट दाबावी आणि रिंगेचे दाते व गिअरचे बारीक दाते यांच्यातली फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजावी. नव्या मालात ही फट मिमीच्या आसपास असते. अर्ध्या मिमीखाली आली की रिंग शंकूवर धरत नाही, गिअर टाकताना कर्र वाजतं. आतल्या बारीक आट्यांवर नख फिरवावं. ते टोकदार लागले पाहिजेत. नवी रिंग दाबून पिरगाळली तर शंकूला चिकटली पाहिजे. सहज फिरत असेल तर शंकूचा कोन चुकलाय. चुंबक लावून बघायलाही हरकत नाही; पितळेला तो धरत नाही. आणि नव्या रिंगा घालून पेटीत जीएल-५ (डब्यावर छापलेली तेलाची प्रत) तेल ओतणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: ते तेल मागच्या डिफरन्शियलसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा पितळेला खाते, शिवाय रिंगेला हवं असलेलं घर्षण मिळत नाही. सिंक्रोच्या पेटीला ९० नंबरचं जीएल-४. डब्यावर फक्त 'गिअर ऑइल ९०' लिहिलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचावीत.

टी-९० आणि स्पायसर १८ वाल्यांना एक वाट मोकळी आहे. विलिस जीप अमेरिकेत अजून हौसेने चालवल्या जातात आणि या दोहोंच्या सुया, वायसर, रिंगा, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) यांचे तयार संच तिकडे नवे मिळतात. रिंगांसारखा हलका माल मागवणं परवडतं. क्लस्टरसारख्या वजनदार मालावर कुरिअर आणि कस्टम मिळून हिशेब फिसकटतो. केएमटी-९० ला ही वाट नाही. तिच्यासाठी उरतं ते भंगार, किंवा नवा गिअर पाडून घेणं.

गिअर पाडून घेणं आमच्या कोल्हापुरात नवीन नाही. उद्यमनगरात हॉबिंग, शेपिंग (दात कापायच्या दोन पद्धती), हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे. तरीही पाडलेले गिअर महिन्याभरात खडखडायला लागतात, आणि याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, मोजमाप. सरळ दातांचा मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं मिमीतलं माप, काढायचा सोपा हिशेब असा: बाहेरचा व्यास भागिले (दाते अधिक दोन). २४ दाते, ७८ मिमी व्यास, म्हणजे ७८ भागिले २६, मॉड्यूल ३. पण इंचातल्या पेटीत मॉड्यूल नसतो, डायमेट्रल पिच (व्यासाच्या दर इंचामागे दाते किती) असतो. १० पिचचा गिअर मोजला तर उत्तर २.५४ येतं. कारागीर म्हणतो, झीज धरून अडीचच असणार, आणि अडीचचा हॉब (दात कापायचं हत्यार) लावतो. प्रत्येक दातामागे सव्वा दशांश मिमीचा फरक पडतो. गिअर बसतो, फिरतो, आणि ताकद लागली की एकच दात सगळा भार उचलतो. तिरक्या दातांना हा सोपा हिशेब लागूच पडत नाही, तिथे झुकावाचा कोन धरावा लागतो. दाताचा दाबकोनही २० अंशच असेल असं नाही, जुन्या अमेरिकन मालात साडेचौदाही भेटतो. म्हणून नमुन्याबरोबर त्याचा जोडीदारही कारागिराकडे द्यावा आणि दोन शाफ्टांच्या केंद्रांतलं अंतर प्रत्यक्ष पेटीवरून मोजून द्यावं. झिजलेल्या गिअरचं एकट्याचं माप म्हणजे झिजेची नक्कल.

दुसरं, धातू. ईएन ८ किंवा ईएन २४ चा बार हाताशी असतो, म्हणून त्याचाच गिअर होतो. ईएन ८ इंडक्शनने वरून कडक केला तरी पुरेसा होत नाही; ईएन २४ आरपार कडक करावा तर दात ठिसूळ, मऊ ठेवावा तर झिजतो. पेटीच्या गिअरला पोट चिवट आणि कातडी कडक लागते. म्हणजे २०एमएनसीआर५ किंवा ईएन ३५३, साधारण ९२० अंशांवर कार्बरायझिंग (वरच्या थरात कार्बन मुरवणं), तेलात विझवणी, मग १६० ते १८० अंशांवर टेम्परिंग. ग्राइंडिंगनंतर कडक थर ०.८ ते १ मिमी राहिला पाहिजे आणि कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापाने). आटे असलेल्या भागाला तांब्याचा मुलामा किंवा लेप द्यावा, नाहीतर नट पिळताना आटे काचेसारखे उडतात. भोक आकसतं, म्हणून ग्राइंडिंगला ०.२ ते ०.३ मिमी माल शिल्लक ठेवावा. त्याच धातूचा एक तुकडा त्याच घाण्यात भट्टीत घालायला सांगावा आणि नंतर तो कापून थर किती खोल गेला ते बघावं. भट्टीवाला कुरकुरेल. तुकडा द्यावाच. गॅरेजातली कसोटी त्याहून सोपी: नवी कानस दातावरून घसरली तर ठीक, चावली तर गिअर परत.

तिसरं कारण क्लस्टरच्या आकाराचं. एकाच दांड्यावर लहान-मोठे तीन-चार गिअर असल्याने मोठ्याशेजारच्या लहान गिअरवर हॉबला बाहेर पडायला जागा नसते. तिथे शेपिंगच करावं लागतं. ते टाळण्यासाठी दोन तुकडे करून दाबून बसवणारे आहेत. पहिल्या चढावर ते तुकडे एकमेकांत फिरतात.

पेटीच्या घरातलं बेअरिंगचं भोक मोठं झालं असेल तर कडेने पंच मारून बेअरिंग घट्ट करण्याची पद्धत रस्त्याकडेच्या गॅरेजांत आहे. पंचाची टोकं पंधरवड्यात दबतात. भोक मोठं करून आत नळीसारखी स्लीव्ह घालावी, आणि ते काम पुढची-मागची भोकं एका रेषेत ठेवून बोरिंग मशिनवर व्हावं. एक भोक एका दिवशी, दुसरं दुसऱ्या मशिनवर, असं नव्हे.

जुळणीतले दोन आकडे टी-९० वाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावेत. क्लस्टरचा पुढे-मागे खेळ ०.३० ते ०.४५ मिमी, तो जाड-पातळ थ्रस्ट वायसर निवडून साधायचा. स्पायसर १८ च्या आउटपुट शाफ्टचा खेळ ०.१० ते ०.२० मिमी, तो मागच्या कॅपखालच्या शिमांनी. शिमांऐवजी जाड पॅकिंग आणि वर गॅस्केट लोशन थापलं की हा हिशेब कोलमडतो: बेअरिंग एक तर आवळून जळतं किंवा शाफ्ट हलत राहून सील फाडतो. या दोन मापांसाठी डायल गेज लागतो. तो नसलेल्या गॅरेजात पेटी उघडू देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे, मग मिस्त्री कितीही जुना असो.

संपादक महाशय, आता मागणं. वाहनं मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात गाडी गेली की तिची नोंदणी रद्द होते आणि चासी नंबरचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवावा लागतो. म्हणजे गाडीची ओळख तिथेच संपते. गिअरबॉक्सवर नोंदणीचा कुठलाच नंबर नसल्याने तो बाहेर आल्याने चोरीची गाडी उजळ होण्याचा धोका नाही. प्रदूषण गिअरबॉक्स करत नाही. तरीही तो सांगाड्यासोबत वजनावर गेला, तर ज्या क्लस्टरसाठी आम्ही भट्टी पेटवून नवा पाडतो, तसाच चांगला क्लस्टर दुसऱ्या भट्टीत वितळतो. परिवहन विभागाने राज्यातल्या केंद्रांना एवढंच सांगावं: जीप आणि जीपच्या चासीवरच्या गाड्या दाबण्याआधी पेटी, ट्रान्स्फर केस, पुढचा-मागचा ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट अखंड उतरवा, तेल काढून बाजूला ठेवा, महिनाभर यादी लावा, गॅरेजांना पावतीवर विका. न खपलेलं खुशाल वितळवा.

आणि दुसरं मागणं शासकीय आयटीआयकडे. मशिनिस्ट आणि ड्राफ्ट्समनच्या मुलांना मोजायला दरवर्षी तेच ते नमुने दिले जातात. त्यांच्या हातात केएमटी-९० चा एक न झिजलेला क्लस्टर आणि त्याचा जोडीदार द्यावा. दाते, पिच, झुकाव, दाबकोन, केंद्रांतर अशी सगळी मापं घातलेलं एक ड्रॉइंग तयार झालं आणि ते सूचनाफलकावर लागलं, तर उद्यमनगरातला कुठलाही गिअरवाला त्यावरून काम करू शकेल. नमुन्याची पेटी आम्ही देऊ. ती आमच्याकडे धुऊन, ग्रीस लावून तयार आहे.

आपले,
जुन्या जीपचं काम करणारे काही मिस्त्री,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर